काचेमागून रंगवलेली रात्र : पहिलं अमूर्त काचचित्र करणाऱ्यांसाठी

काचेच्या मागच्या बाजूने रंगवताना जे सर्वांत आधी लावाल ते सर्वांत पुढे दिसतं आणि जे शेवटी लावाल ते सर्वांत मागे जातं. बाकीचं सगळं तंत्र या एका गोष्टीतून निघतं. कॅनव्हासवर रात्र रंगवणारा बहुधा आधी काळोख अंथरतो आणि त्यावर उजेड ठेवतो. काचेवर उजेड पहिल्यांदा ठरवावा लागतो, मग त्याच्या भोवतीची धग, मग भिंती आणि सावल्या, आणि काळोख अगदी शेवटी. तो येईपर्यंत चित्र फिकं आणि पोरकं दिसत राहतं. रात्री उशिरापर्यंत स्टुडिओत काम करण्याचा अनुभव अमूर्त चित्रात आणायचा असेल तर म्हणूनच मला काच फार जवळची वाटते. त्या कामातही आधी दिसतो तो दिव्याखालचा तुकडा, आणि त्याच्या मागे केवढी रात्र आहे ते हळूहळू कळत जातं.

ही रीत पहिल्यांदाच काच हातात घेणाऱ्यांसाठी आहे. रेखाटन उत्तम यायला हवं असं नाही. एक काच, तीन-चार रात्री आणि त्यांच्या मधले दिवस एवढं लागेल. मधले दिवस वगळू नका.

ही कला आपल्याकडे नवी नाही. अठराव्या शतकात चिनी कारागिरांची काचचित्रं समुद्रमार्गे भारतात येत. पुढे इथल्या चित्रकारांनी ती पद्धत उचलली आणि वाड्यांच्या भिंतींवर देवादिकांची, सरदारांची, नर्तकींची काचचित्रं लागली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी काचचित्रं आहेत. जमलं तर काम सुरू करण्याआधी अशी चित्रं पाहून या आणि एकेका चित्रापुढे उभं राहून क्रम मनात उलगडा: आधी डोळ्याची रेघ, मग दागिना, मग चेहऱ्याचा रंग, मग वस्त्र, मग मागची भिंत. तुम्हालाही हाच क्रम लागणार आहे, फक्त चेहऱ्याशिवाय.

अमूर्त चित्रकलेशी काचेचं नातंही जुनं आहे. रशियन चित्रकार कान्डिन्स्की आणि जर्मन चित्रकार गाब्रिएले म्युंटर १९०८ पासून म्युनिकच्या दक्षिणेला मुर्नाऊ या गावी जाऊन राहत. तिथल्या लोककलेतली काचचित्रं पाहून दोघांनी ती पद्धत शिकून घेतली. कान्डिन्स्की ओळखीच्या आकारांकडून शुद्ध रंग-रेषेकडे सरकत होता तो हाच काळ. आपल्याकडे के. जी. सुब्रमण्यन यांनी उलट्या बाजूने रंगवण्याची पद्धत आधुनिक चित्रात पुन्हा जिवंत केली. नलिनी मालानी यांनी ती पारदर्शक प्लास्टिकच्या फिरत्या नळकांड्यांवर नेली आणि चित्राच्या सावल्या भिंतीवर चालायला लावल्या. आणि थरांचा विचार शिकायचा तर वासुदेव गायतोंडे यांचं काम पाहावं. ते कॅनव्हासवर काम करत, पण रोलरने आणि सुरीने रंग चढवणं, उतरवणं आणि पुन्हा चढवणं यातून त्यांच्या चित्रात जो आतून येणारा उजेड आहे, त्याचं उत्तर काचेवर शोधता येतं.

काच आणि ती साफ करणं

काचवाल्याकडे ४ मिलिमीटर जाडीची साधी पारदर्शक काच मागा, १२ बाय १५ इंच. फोटोफ्रेमची २ मिलिमीटरची काच स्वस्त पडते, पण खरवडताना हात दाबला गेला तर ती तडकते. ४ मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला १० किलो असतं, म्हणजे आपला तुकडा सव्वा किलोच्या आत बसतो आणि साध्या फ्रेमला पेलतो. टफन्ड काच नको, ती नंतर कापता येत नाही. चारही कडा मशीनवर घासून घ्या. हे दुकानातच सांगा, घरी सॅंडपेपर घेऊन बसू नका. दुकानात पडलेले दोन-तीन छोटे तुकडेही मागून आणा. रंगाची चाचणी त्यांच्यावरच करायची आहे.

काच उभी धरून कडेकडून पाहिली तर हिरवट दिसते. तो लोहाचा अंश. त्यामुळे तुमचा पांढरा रंग समोरून किंचित गार दिसेल. पांढऱ्यात सुईच्या टोकाएवढा पिवळा किंवा नारिंगी मिसळला की तो सावरतो.

आता साफसफाई, आणि इथे घाई चालत नाही. भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, भरपूर पाण्याने खळखळून काढा, उभी करून वाळवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कपड्यावर घेऊन पुसा. हाताला लावायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा पातळ थर काचेवर राहतो. यापुढे काच फक्त कडांनी धरायची. बोटाचा तेलकट ठसा रंगाखाली राहिला तर तिथे रंग काच सोडतो, मध्ये हवा शिरते आणि समोरून चंदेरी डाग दिसतो. तो मागून काहीही केलं तरी जात नाही.

कडेने अर्धा इंच मास्किंग टेप लावून ठेवा. फ्रेमच्या खाचेत तेवढी काच जाणार आहे.

कोणता रंग

पहिल्या चित्रासाठी ट्यूबमधला अॅक्रिलिक घ्या. एका रात्रीत दोन-तीन थर वाळतात आणि वास कमी असतो. अॅक्रिलिक काचेला फार घट्ट धरत नाही हे खरं, पण आपलं चित्र फ्रेमच्या आत, काचेच्या पाठीशी राहणार आहे. त्याला ना घासणं, ना पाणी. वाळलेला अॅक्रिलिक नखाने सालीसारखा निघतो. सुरुवातीला हा दोष वाटतो, पुढे हीच सोय ठरते.

तैलरंग काचेवर अप्रतिम दिसतो आणि कित्येक तास खरवडता येतो, पण वाळायला दिवस लागतात. दोन्ही वापरायचे असतील तर आधी अॅक्रिलिक, त्यावर तेल. उलटं कधीच नाही, तेलावर अॅक्रिलिक टिकत नाही. बाजारात मिळणारे पारदर्शक ग्लास कलर मोहात पाडतात. त्यांतले बरेचसे उन्हात फिके पडतात आणि सगळीकडे वापरले तर चित्राला मिठाईच्या दुकानाची झाक येते. एखाद्या जागी, बेताने.

रंग मोजकेच ठेवा: टायटॅनियम व्हाइट, एक पिवळा, एक नारिंगी-लाल, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट अंबर, थॅलो ग्रीन, क्रिम्सन. तयार काळा या यादीत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

रात्र पाहायची कशी

ब्रश हातात घेण्याआधी एक पूर्ण रात्र नुसती पाहण्यासाठी द्या. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत महत्त्वाची रात्र हीच, आणि नवखे लोक बहुतेक वेळा हीच गाळतात.

स्टुडिओ म्हणजे मोठी जागाच हवी असं नाही. स्वयंपाकघरातलं जेवणाचं टेबल, गच्चीवरची खोली, काहीही चालेल. घरातले झोपल्यावर सगळे दिवे मालवा आणि अर्धा तास बसून राहा. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मग खोलीतले रंग पाहा. लाल कापड सर्वांत आधी काळं पडलेलं असेल. निळ्या-हिरव्या वस्तू मात्र राखाडी होऊनही उजळ राहिलेल्या दिसतील. दिवसा तो लाल आणि तो निळा सारख्याच उजेडाचे वाटत होते. हा परिणाम झेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवला आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. मंद उजेडात पाहणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना लाल रंग जवळजवळ जाणवतच नाही. आणखी एक गंमत: अंधारात एखाद्या वस्तूकडे थेट रोखून पाहिलं तर ती विरते, नजर थोडी बाजूला नेली की परत येते. दृष्टीच्या बरोबर मध्यभागी त्या पेशी नसतात.

याचा अर्थ असा, की रात्र स्वतःच वस्तूंच्या कडा पुसते, रंग कमी करते आणि मध्यापेक्षा कडेला जास्त दाखवते. अमूर्त चित्रासाठी मुद्दाम काही मोडतोड करायला नको, रात्रीने ते आधीच करून ठेवलेलं असतं. तुम्ही ते नीट नोंदवायचं.

आता टेबलावरचा एक दिवा लावा आणि खिडकीकडे पाहा. काचेत खोली दिसते, तुम्ही दिसता, आणि त्याच जागी बाहेरचे दिवेही दिसतात. दोन अंतरं एकाच पातळीवर आलेली असतात. वहीत पेन्सिलने फक्त तीन गोष्टी टिपा: उजेड कुठे जमतो, सर्वांत मोठं गडद वजन कुठे आहे, आणि कोणती हालचाल पुन्हापुन्हा येते. पंख्याच्या पात्याची सावली, दूरच्या लोकलच्या खिडक्यांची सरकती ओळ, वॉचमनच्या बॅटरीचा फेरा, यातली कोणतीही एक पुरते. दिवा, चंद्र, खिडकीची चौकट काढू नका. ओळखीची वस्तू एकदा काचेवर आली की पाहणारा तिचं नाव घेऊन पुढे जातो.

कामाचा उजेड

रंग मिसळताना दिवा भरपूर हवा. घरातले ६५०० केल्विनचे पांढरे एलईडी आणि २७०० केल्विनचे पिवळे बल्ब एकाच मिश्रणाचे दोन वेगळे रंग दाखवतात. एका दिव्याखाली जुळलेले दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली फटकूनही निघतात. म्हणून संपूर्ण चित्र एकाच दिव्याखाली करा. शक्य असेल तर रंग अचूक दाखवण्याचा निर्देशांक ९० च्या वर असलेला घ्या, खोक्यावर सीआरआय म्हणून लिहिलेला असतो. रात्री मिसळलेला प्रत्येक महत्त्वाचा रंग चाचणीच्या काचेवर लावून ठेवा आणि सकाळी खिडकीत धरून पाहा.

काच टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवून रंगवली तर पारदर्शक रंग खोटे उजळ दिसतात, कारण उजेड कागद देत असतो. खाली अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद ठेवा, म्हणजे कोणता रंग झाकतो आणि कोणता झाकत नाही ते लगेच कळेल. याहून चांगली सोय म्हणजे काचेच्या दोन्ही बाजूंना चार-चार विटा रचून ती त्यांवर ठेवायची आणि खाली आरसा टाकायचा. मागून रंगवताना समोरची बाजू आरशात दिसत राहते.

पहिली रात्र: उजेड आणि रेघा

सही करायची असेल तर ती आत्ताच, आणि उलटी. देवनागरीत शिरोरेघ वरच राहते, फक्त अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात. कागदावर लिहून, कागद उलटा करून काचेखाली ठेवा आणि गिरवा.

मग सर्वांत तेजस्वी ठिपके आणि रेघा. ते कमी ठेवा, काचेच्या विसाव्या भागाहून जास्त नाही. रंग घट्ट लावा, पाणी जवळजवळ नको. नुसत्या ब्रशवर थांबू नका: कार्डाच्या कडेने ओढलेली रेघ, चिंधीचा ठसा, बोटाने पुसलेला डाग. काचेला कागदासारखे दात नसतात, त्यामुळे हात कसा हलला ते सगळं जसंच्या तसं समोर दिसतं. न आवडलेली खूण ओली असताना पुसून टाका. इतक्या सहज माफ करणारं माध्यम दुसरं क्वचितच असेल, पण फक्त पहिल्या थरापुरतं. पुढचा थर चढला की पहिला कायमचा.

अॅक्रिलिक ओला असताना किंचित दुधी दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. शिवाय रंग काचेला चिकटलेला असल्याने समोरून तो कायम ओल्यासारखा, खोल दिसतो. मागून जे दिसतं त्यावर भरवसा ठेवू नका, आरशाकडे पाहा.

चकाकी हवी असेल तर मिठाईवरचा चांदीचा वर्ख वापरून पाहा. अर्धा लिटर पाण्यात चिमूटभर जिलेटिन भिजवून कोमट करा, काचेवर त्याचा ओला थर पसरवा आणि वर्खाचा कागद उलटा करून वर्ख अलगद सोडा. पाणी त्याला ओढून घेतं. पूर्ण वाळल्यावर कापसाने हलकेच दाबा. वर्ख फार पातळ असल्याने त्याला बारीक भोकं पडतात, आणि पुढे लावलेला काळोख त्या भोकांतून दिसतो. सोनारी सफाई इथे मिळत नाही आणि रात्रीच्या चित्रात ती नकोच. चांदी हवेने काळवंडते, म्हणून वर्खामागे रंगाचे दोन थर चढवून तो बंद करा.

दुसरी रात्र: खरवडणं

उजेडाभोवतीचे मधले रंग आता येतात: करडा-गुलाबी, मळकट पिवळा, भिंतीचा निळसर करडा. मोठ्या ब्रशने किंवा छोट्या रोलरने लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. रंग अर्धवट वाळलेला असताना बांबूची काडी, जुना कंगवा, सुरीचं टोक यांनी खरवडा. पावसाळ्यात ही वेळ बरीच लांबते, कोरड्या थंडीत पाच मिनिटांत निघून जाते. चाचणीच्या तुकड्यावर सोबतच तोच रंग लावून ठेवला की कधी हात घालायचा ते कळतं.

खरवडलेली रेघ आत्ता रिकामी दिसेल. पुढचा जो रंग तुम्ही मागून लावाल तो त्या रेघेत भरून समोर येईल. म्हणजे खरवडताना तुम्ही उद्याच्या रंगाची जागा राखून ठेवता. हे एकदा हाताला समजलं की काचचित्र खरं सुरू होतं. एकाच भागावर तीनदा लावा, तीनदा खरवडा. कंगव्याच्या रेघांत निळा, त्यावरच्या आडव्या ओरखड्यांत तपकिरी, असं विणकाम घडत जातं आणि कोणता रंग पुढे, कोणता मागे हे पाहणाऱ्याला पटकन सांगता येत नाही. खिडकीच्या काचेत दोन अंतरं एकत्र आली होती, ती इथे हाताने घडवायची.

रंग पूर्ण वाळल्यावर खरवडला तर तुकडे सालीसारखे निघतात आणि कडा फाटक्या येतात. काही जागी तीच कड हवी असते. ब्लेडने हद्द आखून घेऊन मगच साल काढा, नाहीतर ती हव्या त्या जागेपलीकडे फाटत जाते.

ब्लेडचं आणि काच उचलण्याचं सगळं काम मध्यरात्रीच्या आत उरका. दमलेला हात धारेपाशी धोक्याचा असतो. मोठी वजनं, मोठे निर्णयही आधी घ्या. उशिरापर्यंत जागलात तर त्या वेळेसाठी एकाच प्रकारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या खुणा राखून ठेवा. दहा वाजता काढलेली रेघांची ओळ आणि दोन वाजता काढलेली ओळ शेजारीशेजारी ठेवली तर फरक स्पष्ट दिसतो, दुसरी सैल असते, अंतरं असमान असतात. ती दुरुस्त करू नका. जागरण चित्रात येतं ते असंच.

डासांमुळे खिडक्या बंद करण्याचा मोह होतो. तैलरंग, टर्पेंटाइन किंवा थिनर वापरत असाल तर एक खिडकी जाळी लावून उघडी ठेवा आणि खोलीत मच्छर अगरबत्ती पेटवू नका. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. त्या पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. आणि चहाचा कप ब्रशच्या पाण्याशेजारी ठेवू नका.

तिसरी रात्र: काळोख

त्याआधी एक दिवस जाऊ द्या. दिवसा काच खिडकीत उभी धरून पाहा. आरपार उजेड जिथून येतो तिथे रंग पातळ आहे. त्यातल्या कोणत्या जागा काळोखाला द्यायच्या आणि कोणत्यांच्या मागे पांढरा भरायचा ते आता ठरवा. पारदर्शक रंगाच्या थेट मागे गडद रंग आला की तो रंग मरतो. जो पिवळा, जो लाल जपायचा आहे त्याच्या पाठीवर आधी पांढऱ्याचा थर चढवा, वाळू द्या, मगच काळोख.

ट्यूबमधला काळा सपाट लागतो, त्यात शिरायला वाट नसते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून एक काळोख करा, निळ्याकडे झुकला तर गार, अंबरकडे झुकला तर उबदार. थॅलो ग्रीन आणि क्रिम्सनचा दुसरा काळोख करा, तो जास्त खोल जातो. खोलीतल्या अंधारासाठी एक, बाहेरच्यासाठी दुसरा. दोन्ही एकमेकांशेजारी आले की सीमा दिसेल न दिसेल अशी राहते. एकच जाड थर देण्याऐवजी तीन पातळ थर द्या, प्रत्येक वेळी ब्रशची दिशा बदलून.

सगळी काच झाकू नका. दोन-तीन छोट्या जागा पूर्ण मोकळ्या सोडा. फ्रेममध्ये मागचा पुठ्ठा काचेपासून थोडा दूर असेल तर त्या मोकळ्या जागांभोवतीच्या रंगाची सावली पुठ्ठ्यावर पडते, आणि पाहणारा हलला की ती सावली सरकते.

शेवटच्या थरानंतर काच समोरून पाहा, मग दिवा अगदी मंद करून पुन्हा पाहा. लाल विझेल, निळं आणि चांदी उरेल. या दुसऱ्या चित्राचाही तोल साधलेला असेल तर थांबा. नसेल तर साधारणपणे उजेडाच्या जागा जास्त झालेल्या असतात, आणि एखादी मागून झाकणं आता शक्य नसतं. कारण ती सगळ्यांत पुढे आहे. तशी काच ठेवून द्या आणि नवीन घ्या, तिच्यावर उजेड निम्म्यावर आणा.

फ्रेम आणि भिंत

रंग आठवडाभर हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या. तेल वापरलं असेल तर खूप जास्त. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा की रंगवलेली बाजू आत येणार आणि तिला मागचा बोर्ड टेकता कामा नये. कडेने ५ मिलिमीटरची पट्टी द्यायला लावा. बोर्ड टेकला तर दमट हवेत रंग त्याला चिकटतो आणि वेगळा करताना काच सोडून येतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर हार्डबोर्ड टाळा, पावसाळ्यात त्याला बुरशी येते. फोमबोर्ड बरा. मोकळ्या जागांमधून तोच दिसणार असल्याने त्याचा रंगही विचार करून निवडा. मला मळकट पांढरा आवडतो.

चित्र थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. गडद रंग ऊन शोषून काचेचा मधला भाग तापवतो, फ्रेममध्ये दडलेल्या कडा थंड राहतात, आणि त्या फरकाने काच तडकू शकते. समोर ट्यूबलाइट किंवा खिडकी नसलेली भिंत शोधा. काचेचे दोन्ही पृष्ठभाग धरले तर साधी काच सुमारे ८ टक्के उजेड परतवते, आणि गडद चित्रात तेवढंही पाहणाऱ्याला स्वतःचा चेहरा दाखवायला पुरतं. वरून, तिरका पडणारा एक दिवा सर्वांत चांगला. पुसताना पाणी किंवा क्लीनर काचेवर फवारू नका, कडेने आत उतरतं. कापड ओलसर करून पुसा, मग कोरड्या कापडाने.